लिनक्सवर रोजच्या कामासाठी तुमची आवडती सॉफ्टवेअर कोणती? मराठीत काम करताना अडचण येते का?

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे की विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षा सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून ते विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीकडे वळत आहेत आणि त्यांचे काम मुख्यतः पत्रे, हिशेब आणि पीडीएफ यांचे आहे. नुसती नावे हवी असतील तर ती अशी: पत्रे आणि हिशेबांसाठी लिब्रेऑफिस, संकेतस्थळे पाहायला फायरफॉक्स, ईमेलसाठी थंडरबर्ड, पीडीएफ वाचायला ओक्युलर, त्यातली पाने मागेपुढे करायला पीडीएफ अरेंजर, पासवर्ड सांभाळायला कीपासएक्ससी आणि गाणी-चित्रफितींसाठी व्हीएलसी. परंतु यातल्या पहिल्या नावावरून मी भर वार्षिक सभेत वाद घातला आहे आणि तो सांगितल्याशिवाय माझे उत्तर पुरे होणार नाही.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या बेचाळीस सदनिकांच्या सोसायटीची मी २०१२ पासून मानद सचिव आहे. कार्यालयातल्या संगणकावर विंडोज एक्सपी होते, त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि नवा संगणक घेण्याइतके पैसे कोणी मंजूर करीना, तेव्हा त्याच यंत्रावर लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी असे मी सुचवले. त्या वेळचे खजिनदार, म्हणजे आमचे तिसऱ्या मजल्यावरचे काका, सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “फुकट मिळणाऱ्या वस्तूवर सोसायटीचे दप्तर ठेवायचे नाही. उद्या काही झाले तर जबाबदार कोण?” काका वयाने आणि मानाने मोठे, त्यामुळे बऱ्याच जणांनी माना डोलावल्या आणि मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. माझी सूचना शेवटी मंजूर झाली, पण ती पटली म्हणून नव्हे, तर दुसरा स्वस्त उपाय नव्हता म्हणून.

२०१९ मध्ये पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि सल्लागारांनी वाहनतळाच्या वाटपाचा २००३ चा सर्वसाधारण सभेचा ठराव मागितला. इतिवृत्ताची ती वही तळमजल्यावरच्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर होती आणि २६ जुलै २००५ च्या पावसात ती पाण्याखाली गेली होती. पाने एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. सुदैवाने तेव्हाच्या लेखनिकांनी इतिवृत्ते संगणकावर टंकलिखित करून एका सीडीवर ठेवली होती. सीडी वाचली गेली, फाइल उघडलीही, पण आत मराठीचा एक शब्द दिसेना. डोक्यावर तिरक्या रेघा असलेली रोमन ‘ई’, उलटी विरामचिन्हे, आणि जिथे जिथे ‘र’ असायला हवा तिथे वर्तुळातले नोंदणीकृत मालाचे चिन्ह. ज्या विकतच्या पॅकेजमधल्या फॉन्टमध्ये तो मजकूर लिहिला होता, ते पॅकेज संगणकाच्या मागे लावायच्या एका कुलपावर चालत असे, आणि ते कुलूप कोणाकडे राहिले हे सांगणारे कोणी उरले नव्हते. ही वस्तू फुकटची नव्हती. सोसायटीने तिच्यासाठी रोख पैसे मोजले होते.

त्याच काळातली एक छापील सूचना माझ्या घरी निघाली, आणि तिचीच फाइल सीडीवर होती. छापील ओळ एका बाजूला आणि पडद्यावरची ओळ दुसऱ्या बाजूला ठेवून मी कोणत्या खुणेला कोणते अक्षर याचा तक्ता लिब्रेऑफिसच्या कॅल्क या हिशेबाच्या भागात तयार केला आणि रायटर या लेखनाच्या भागातल्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीने एकेक खूण बदलत गेले. अक्षरे दिसू लागली, पण शब्द मोडके होते. ‘सर्व सभासद’ याचे ‘सवर् सभासद’ झाले होते आणि ‘स्थिती’चे ‘िस्थती’. कारण असे की जुने फॉन्ट अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवत, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर, तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या आजच्या सामाईक अक्षरसंकेतात, अक्षरे उच्चाराच्या क्रमाने असतात. लिब्रेऑफिसच्या त्या खिडकीत ‘रेग्युलर एक्सप्रेशन’चा, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी अक्षररचनेचा नियम देऊन शोधण्याचा, पर्याय आहे; तो निवडून वेलांटी पुढच्या व्यंजनानंतर न्यावी असा नियम मी लिहिला, जोडाक्षरांत तो फसला, मग ‘हलन्त व्यंजने कितीही असोत, ती सगळी ओलांडून वेलांटी न्यावी’ असा सुधारला. रफारासाठी उलट दिशेचा नियम लागला. या कामात चौदा रात्री गेल्या. चौदाव्या रात्री तो ठराव, सूचक आणि अनुमोदकांच्या नावांसह, स्वच्छ मराठीत समोर आला.

असा मजकूर म्हणजे मूळ स्वाक्षरी केलेले इतिवृत्त नव्हे, हे मला ठाऊक आहे. आम्ही तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवून त्याची नोंद करून घेतली. पण काकांच्या प्रश्नाचे जे उत्तर २०१४ मध्ये मला सुचले नव्हते ते आता माझ्याकडे आहे. लिब्रेऑफिसची फाइल ओपन डॉक्युमेंट या स्वरूपात असते आणि २००६ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. ती फाइल खरे तर एक झिप पेटी असते. तिच्या नावाचा शेवट बदलून ती उघडा, आत ‘कंटेंट’ नावाची एक्सएमएल फाइल सापडेल आणि तिच्यात तुमचा मजकूर साध्या युनिकोड मराठीत वाचता येईल, लिब्रेऑफिस नसले तरीही. आणि बनवणारा गेला तर काय, याचे उत्तर या सॉफ्टवेअरच्या इतिहासातच आहे. स्टारऑफिस नावाचे जर्मन सॉफ्टवेअर १९९९ मध्ये सन कंपनीने घेतले, २००० मध्ये त्याचा कोड ओपनऑफिस म्हणून खुला केला, २०१० च्या आरंभी सनच ओरॅकलकडे गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अनेक विकसकांनी तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस सुरू केले. मालक बदलले, पण जुन्या फाइली उघडत राहिल्या. ज्या वस्तूची चावी एकाच दुकानदाराकडे असते तिथे दुकान बंद झाल्यावर जबाबदार कोण, हे काकांनी मला सांगायला हवे होते.

आता मराठीबद्दल. अडचण येत नाही, पण दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाकाव्यात. लिब्रेऑफिसच्या भाषांच्या पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी) चालू करून तिथे मराठीच निवडावी, हिंदी नव्हे. काही फॉन्ट भाषा पाहून ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे ठरवतात आणि भाषा हिंदी असेल तर सोसायटीच्या सूचनेत हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका घ्यावा. दोन्ही मोफत आहेत आणि छापल्यावरही डोळ्यांना त्रास देत नाहीत. दुसरी गोष्ट कळफलकाची. रोमन लिपीत लिहून मराठी उमटवण्याची सवय सोडा, असे मी स्पष्टपणे सांगेन. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकावा: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि इंग्रजी ‘जे’च्या कळीवर ‘र’. हीच कळ शिफ्टसह दाबून पुढे हलन्त दिले की ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा ‘र’ बरोबर येतो, ज्यासाठी रोमन पद्धतीत लोक अडखळतात. मिंटमध्ये कळफलकाच्या यादीतून तो जोडता येतो, निराळे काही विकत घ्यावे लागत नाही. रोज अर्धा तास दिला तर पंधरा दिवसांत हात बसतो. मी चाळिशी ओलांडल्यावर शिकले.

बाकीच्या सॉफ्टवेअरपैकी एकावर थोडे थांबते. जुने छापील मराठी कागद शोधता येण्याजोगे करायचे असतील तर चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणारे टेसरॅक्ट आणि त्याला खिडकी देणारे जीइमेजरीडर घ्या आणि मराठीचा भाषासंच वेगळा उतरवून घ्या. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो, हस्ताक्षरासाठी मात्र त्याचा उपयोग नाही. आमच्या सोसायटीची देखभाल बिले कॅल्कच्या तक्त्यावरून रायटरच्या मेल मर्जने, म्हणजे एकाच मसुद्यात यादीतली नावे-रकमा आपोआप भरणाऱ्या सोयीने, निघतात आणि सभेची सूचनाही त्याच यादीवरून जाते. बाकी फायरफॉक्स, थंडरबर्ड यांच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. ती विंडोजवर जशी आहेत तशीच इथेही आहेत.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी. तुमचे लेखापाल टॅलीची फाइल मागत असतील तर टॅली लिनक्ससाठी बनलेले नाही. आमचे लेखापरीक्षक कॅल्कमधून काढलेले तक्ते घेतात, तुमचे घेतील की नाही हे आधी विचारा. समोरच्या कार्यालयाला वर्डची फाइल हवी असेल तर ती लिब्रेऑफिसमधून साठवता येते, पण गुंतागुंतीचे तक्ते थोडे हलतात, म्हणून मी केवळ वाचायचे कागद पीडीएफ करून पाठवते. मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० पासून ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरची, यंत्रे सोडली आहेत, तेव्हा लॅपटॉप फारच जुना असेल तर ते पाहून घ्या. आणि काहीही पुसण्यापूर्वी मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून घरचा प्रिंटर आणि स्कॅनर जोडून बघा. आमच्या कार्यालयातला प्रिंटर लगेच ओळखला गेला, स्कॅनर मात्र बदलावा लागला.