सूर्याचं वादळ बर्फात सापडतं का?

प्रश्न: १८५९ साली सूर्यावरून मोठं वादळ आलं, तारायंत्रं बंद पडली, आणि त्याची खूण ग्रीनलंडच्या बर्फात वाढलेल्या नायट्रेटच्या रूपात आहे असं वाचलं. खरंय का हे?

उत्तर: नाही, नायट्रेटवर विसंबू नका. कल्पना पटण्यासारखी होती खरी, सूर्याकडून आलेले प्रोटॉन वरच्या हवेतला नायट्रोजन फोडतात, त्यातून नायट्रेट होतं आणि ते बर्फासोबत खाली येतं, म्हणून बऱ्याच जणांनी ती मानलीही. पण २०१२ मधे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडचे आइस कोअर, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेले लांब नमुने, तपासले तर बहुतेकांत १८५९ ची उडी दिसलीच नाही. ग्रीनलंडमधे अशा उड्या दिसतात तिथे सोबत अमोनियम आणि काजळीही असते, म्हणजे तो वणव्यांचा धूर.

भरवशाची खूण आहे बेरिलियम-१०, म्हणजे बेरिलियम या मूलद्रव्याचा एक किरणोत्सारी प्रकार. अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, म्हणजे कॉस्मिक रेज, हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनवर आदळले की जे तुकडे उडतात त्यातलाच हा एक, मग बारीक कणांना चिकटून वर्ष-दोन वर्षांत बर्फात उतरतो आणि अर्धायुष्य (निम्मा भाग नष्ट व्हायला लागणारा काळ) जवळपास १४ लाख वर्षं असल्यामुळे तिथे टिकून राहतो. फक्त याचा हिशोब उलटा लागतो हं! सूर्य जोरात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र कॉस्मिक रेजना अडवतं आणि बेरिलियम कमी बनतं, सूर्य शांत असला की जास्त. १६४५ ते १७१५ मधे सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच, आणि त्या काळातल्या बर्फात बेरिलियम-१० वाढलेलं आहे. ग्रीनलंडच्या डाय-३ इथल्या कोअरमधे तर ११ वर्षांचं सौरचक्रसुद्धा ओळखू येतं, मला याचं अजूनही नवल वाटतं.

आता वादळांचं. एखादं वादळ फारच प्रचंड असेल तर सूर्याचे कण स्वतःच बेरिलियम बनवतात. जपानी संशोधक फुसा मियाके यांना तिथल्या देवदारांच्या वाढीच्या वलयांत इ.स. ७७४-७७५ च्या सुमारास कार्बन-१४ (हाही कॉस्मिक रेजच्या माऱ्यातूनच बनतो) एकदम वाढलेला दिसला, तो शोधही २०१२ चाच, आणि नंतर ग्रीनलंड-अंटार्क्टिका दोन्हीकडच्या बर्फात त्याच वेळची बेरिलियम-१० ची उडी सापडली. दोन्ही ध्रुवांवर एकाच वेळी म्हटल्यावर वणव्याची शंकाच राहत नाही. तुमच्या १८५९ ची मात्र अशी ठळक उडी बेरिलियममधेही नाही, कारण तारायंत्रं बंद पाडणारं चुंबकीय वादळ वेगळं आणि अतिवेगवान कणांचा मारा वेगळा, एक मोठं म्हणजे दुसराही तेवढाच मोठा असं नसतं.