वर्गणीचं पावती पुस्तक

"मॅडम, बी.ए. झालं, आता बँकेच्या परीक्षा द्यायच्या की नाही? तर हिला राजकीय प्रचार शिकायचाय. लोकांना गंडवायला डिग्री लागते का?" लालबागहून आलेले वडील खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाले. मुलगी (तिला सायली म्हणू) ओढणीचं टोक पिळत गप्प.

मी करिअरचा सल्ला देते; हल्ली ही चिंता घेऊन बरेच पालक येतात. सांगतात नोकरीची, असते अब्रूची. मी मात्र नेहमीच्या सवयीने नोकऱ्याच मोजून दाखवल्या: संशोधन, पत्रकारिता, लसीकरणाच्या मोहिमा, मतदार जागृती. काका मख्ख.

मग विचारलं, "मंडळाची वर्गणी तुम्ही मागता ना? कशी?"

काका खुलले. "पहिली पावती अध्यक्षांची फाडायची, अडीच हजारांची. मग पुस्तक उघडं धरूनच बेल वाजवायची. ती स्थळप्रत दिसली की माणूस एकशे एक काढायला लाजतो."

सायली पहिल्यांदा बोलली. "पप्पा, हेच शिकवतात तिकडे. चार लोकांनी केलं की पाचवा का करतो, ते."

तिने बरंच वाचलं होतं. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला दम, ही ॲरिस्टॉटलने सांगितलेली पटवून देण्याची तीन अंगं तिने वडिलांच्या वर्गणीलाच लावली. मग 1940 ची अमेरिकेतली निवडणूक काढली. समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एका काउंटीत त्याच त्याच मतदारांना महिनोन्‌महिने विचारलं. प्रचाराने बाजू बदललेले थोडेच निघाले. रेडिओ-पेपरपेक्षा ओळखीच्या माणसाचं बोलणं जास्त लागू पडत होतं.

"आमच्या वॉर्डात येऊन बघा म्हणावं," काका पुटपुटले. पण ऐकत होते.

काका पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा सायलीने खरी गोष्ट काढली. "उद्या कुणी खोटं लिहायला सांगितलं तर?" याचं तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, काय लिहिणार नाहीस ते आजच कागदावर उतरव, पगार सुरू झाल्यावर ते सुचत नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठात जाऊन अभ्यासक्रम बघ. संख्याशास्त्र किती आहे तेही बघ, पुष्कळजण भाषणांच्या ओढीने येतात आणि तिथे अडकतात. आधीच्या बॅचच्या मुलांना गाठ, इंटर्नशिपमध्ये नेमकं काय करायला लावलं ते विचार.

तिने एम.ए.चा अर्ज केला. बँकेचा फॉर्मही भरलाय, तो वडिलांनी भरायला लावला. कसा, ते मी विचारलं नाही.