रस्सा नव्हे, अबोला

प्रश्न: बाई, राखेच्या बुधवारपासून, म्हणजे आपला ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, मी मटण सोडलं होतं. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस पाळायचं ठरवलं होतं. तिसऱ्या रविवारी नणंदेकडे जेवायला गेलो. तिनं पांढरा रस्सा वाढला, मला नाही म्हणवेना. दोन वाट्या प्याले. जाऊबाई घरी मला ऐकू जाईल अशा बेतानं पोराला म्हणाल्या, 'झाला हिचा उपवास!' पाण्याच्या पाळीवरून जानेवारीपासून आमचा अबोला आहे. आता पुढचे दिवस पाळण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: पोरी, आधी रश्श्याचं सांगते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलंस तर दिवस 46 भरतात. 2026 साली 18 फेब्रुवारी ते 4 एप्रिल. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत. तेव्हा नणंदेकडच्या त्या दोन वाट्यांनी काही मोडलं नाही. बुधवारी प्यायली असतीस तरी मी तुला गुरुवारपासून पुन्हा धर असंच म्हटलं असतं.

पण पत्रातलं पाण्याच्या पाळीचं वाक्य मी तीनदा वाचलं. ते तू सहज लिहून गेलीस, आणि मला तेच खरं पत्र वाटतं.

बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाचा 58वा अध्याय काढून वाच. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस? देव म्हणतो, तुम्ही उपास करता आणि भांडता. मग तो आपल्याला हवा असलेला उपास सांगतो: भुकेल्याला आपली भाकरी वाटून दे, उघड्याला वस्त्र दे, आपल्याच रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ फिरवू नकोस.

हे मला फार उशिरा कळलं. 1994 साली मी उपवासकाळात चहा सोडला होता. सकाळी डोकं ठणकायचं, तरी घोटभर घेतला नाही. त्याच वेळी वडिलांच्या जमिनीवरून धाकट्या भावाशी दोन वर्षं बोलणं बंद होतं, आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांतला, म्हणजे सात उद्गारांतला, पहिला सुरू झाला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर'. मला पुढचं ऐकवेना. तीन वाजता चर्चमधून निघाले ती घरी न जाता केएमटीच्या बसनं थेट कसबा बावड्याला भावाकडे गेले. दार वहिनीनं उघडलं. काही न विचारता तिनं आधण ठेवलं. भाऊ समोर येऊन बसला, आम्ही दोघं रडलो आणि तो चहा मी प्याले. ईस्टरला दोन दिवस उरले होते.

जमिनीचा वाद पुढे चार वर्षं चालला, पण बोलणं थांबलं नाही.

तू मटण खुशाल सोड, वाचलेले पैसे घरकामाच्या मावशींच्या पोराच्या वह्यांना दे. पण उद्या सकाळी नळाला पाणी येईल तेव्हा पाळी तुझी असली तरी जाऊबाईंची घागर आधी लाव. बोलायला शब्द सुचले नाहीत तर 'घागर भरली' एवढंच म्हण. त्या उत्तर देतील न देतील, परवा पुन्हा लाव. झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत, काय झालं ते मला कळव, मी वाट बघते.