हात तोंडापर्यंत पोचण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नखं कुरतडायची सवय कशी सोडू, असं विचारलंस. सोडायचं पुढच्या आठवड्यात बघू. या आठवड्यात कुरतडायची पूर्ण मुभा आहे, फक्त प्रत्येक वेळची नोंद करायची. खिशात मावेल एवढी डायरी घे, पानावर तीन रकाने आख: किती वाजले, कुठे होतास, त्याआधी हात काय करत होता. नोंद तिथल्या तिथे कर. जे नकळत घडलं ते रात्री आठवणार कुठून? आणि मोबाइलवर लिहू नकोस, नोंदीसाठी उघडलेला मोबाइल अर्धा तास हातातून सुटत नाही.

पहिले दोन-तीन दिवस आकडा बहुधा चढेल. सवय वाढलेली नसते, ती तुझ्या नजरेत यायला लागलेली असते. काहींचा आकडा नुसतं मोजल्यानेच उतरतो. तसं झालं तर उत्तम, पण नोंदी सुटत नाहीत ना, तेवढं बघ.

मग एकदा निवांत बसून, मुद्दाम, अगदी सावकाश बोट तोंडाकडे ने. बऱ्याच जणांचं असं चालतं: वाचताना अंगठा शेजारच्या नखांवरून फिरत राहतो, कुठे खरखरीत कड लागते का ते चाचपतो. लागली की तिथेच घोटाळतो. कोपर टेबलावर टेकतं, हात हनुवटीशी येतो, बोट ओठावर, आणि सगळ्यात शेवटी दात. तू आजवर थांबायचा प्रयत्न करत होतास तो दातांपाशी, तिथे फार उशीर झालेला असतो. अंगठा फिरायला लागला की तिथेच पकड.

पकडल्यावर काय करायचं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेथन एझरिन आणि ग्रेगरी नन यांनी 1973 मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते: आधी जाणीव, मग त्या कृतीच्या आड येणारी दुसरी कृती. तुझ्यासाठी ती म्हणजे मूठ. हात मांडीवर ठेव, मूठ वळ आणि निदान 1 मिनिट सोडू नकोस. हातात पेन असेल तर पेनच घट्ट धर. बहुतेकांचं बिनसतं ते इथे: पाच सेकंद मूठ आवळतात, सोडतात आणि ओढ ओसरायच्या आत हात पुन्हा वर जातो. तळहातात नखं रुतवायची मात्र गरज नाही.

बोटांना कडुनिंब चोळ, असं कुणी ना कुणी सांगेलच. कडू चव दात लागल्यावर कळते आणि हात धुतला की जाते. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा नेलकटरची बारीक कानस खिशात ठेव. खरखरीत कड घासून टाकलीस तर अंगठ्याला चाचपायला काही उरत नाही.

डायरीतला दुसरा रकानाही नीट वाच. 2011 सालच्या एका अमेरिकी प्रयोगात, सिनेमागृहात पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी आठवड्याभराचे शिळे पॉपकॉर्नही ताज्यांइतकेच खाल्ले. सवयीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावल्यावर मात्र शिळे खाणं कमी झालं. तुझ्या नोंदी एकाच खुर्चीतल्या निघाल्या तर खुर्ची बदल किंवा पुस्तक दोन्ही हातांत धरून वाच.

घरच्यांना एकच ठरलेला शब्द सांगून ठेव, 'हात' एवढाच. 'पुन्हा सुरू झालास का?' ऐकलं की माणूस लपवायला शिकतो.

सवय 21 दिवसांत लागते किंवा सुटते, हा हिशोब डोक्यातून काढ. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक 18 ते 254 दिवस असा निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. नखाच्या कडेला सूज, ठणका किंवा पू दिसला तर ते नखुरडं असू शकतं. मग थेट डॉक्टरकडे जा.

आठवडा भरला की डायरीच्या पानांचे फोटो पाठव. मूठ नेमकी कधी वळायची, ते तिसऱ्या रकान्यावरून ठरवू.