इकारसचं पीस, अथीनाचा पिंगळा

गेल्या अंकात आजीच्या हातावरच्या गोंदणाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, टॅटूच्या प्रश्नांची रांगच लागली. त्यात तीन पत्रं ग्रीक पुराणातली निघाली, म्हणून एकत्रच घेतेय.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा, नाशिकला असतो. बाबा नको नको म्हणत असताना नोकरी सोडून क्लाउड किचन टाकलं, दीड वर्षात बंद पडलं, कर्ज शेवटी बाबांनीच फेडलं आणि वर एका शब्दानं बोलले नाहीत. मला पाठभर इकारस काढायचाय, सूर्याकडे झेपावणारा. पडलो, पण उडलो तरी, असा अर्थ. मित्र म्हणतो फार कॉमन झालंय ते. काय करू?

उत्तर : कॉमन आहे हे खरंय, पण त्यानं काय होतं, विठ्ठल काय कमी लोकांच्या दंडावर आहे? माझी हरकत वेगळीये. तुझ्या पत्रात निम्मे बाबा आहेत आणि डिझाइनमध्ये ते कुठेच नाहीत.

आणि गंमत म्हणजे मूळ गोष्ट बापाचीच आहे रे. इकारसचा बाप डीडॅलस हा कारागीर, क्रीट बेटावर मिनॉस राजानं अडकवून ठेवलेला, जमीन बंद, समुद्र बंद, म्हणून तो पंख करायला बसतो. ओविड नावाच्या रोमन कवीनं दोन हजार वर्षांपूर्वी हे फार बारकाईनं लिहिलंय. बाप लहान-मोठी पिसं ओळीनं लावतो, मधे दोऱ्यानं बांधतो, खाली मेणानं चिकटवतो, आणि पोरगं शेजारी बसून ते मेण अंगठ्यानं दाबत बसलंय, उडणारी पिसं पकडतंय, बापाच्या कामात लुडबुड चाललीये नुसती. मग बाप सांगतो की मधून उड, फार खाली गेलास तर पाण्यानं पंख जड होतील, फार वर गेलास तर उन्हानं जळतील. म्हणजे 'उडू नको' असं तो म्हणतच नाही! खाली राहणंही तितकंच धोक्याचं, हे अर्धं वाक्य सगळे विसरतात. पोराला पंख बांधताना म्हाताऱ्याचे गाल ओले झालेत आणि हात थरथरतायत.

पुढचं तुला माहीतच आहे, पोरगं फार वर गेलं, उन्हानं मेण वितळलं आणि ते समुद्रात पडलं. पण पडणारा इकारस बापाला दिसत नाही. तो हाका मारत राहतो, कुठे आहेस, कुठे शोधू तुला, आणि मग त्याला लाटांवर तरंगणारी पिसं दिसतात. मग तो स्वतःच्याच कारागिरीला शाप देतो आणि पोराला एका बेटावर पुरतो. ते इकारिया बेट आजही ग्रीसच्या नकाशावर आहे.

मला विचारशील तर पाठभर पंख सोड आणि एकच पीस काढ. पण कुठल्याही पक्ष्याचं नाही, रील्सवर शंभर दिसतात तसलं तर नाहीच. देठाशी दोऱ्याचे दोन वेढे, एक छोटी गाठ, आणि टोकाला मेणाचा एक थेंब. म्हणजे बघणाऱ्याला ते नुसतं पीस, आणि तुला माहीत की हे कुणीतरी बसून हातानं बांधलेलं आहे. हाताच्या आतल्या बाजूला, चारेक इंच तरी लांब घे, कारण पिसाच्या रेषा फार दाटीनं काढल्या तर काही वर्षांत शाई पसरते आणि सगळं मिळून एक काळा डाग होतो. आर्टिस्ट म्हणाला दोन इंचात बसवतो, तर त्याला त्याच्या हातचा चार-पाच वर्षं जुना टॅटू दाखवायला सांग, कालचा नको.

बाबांना आधी दाखवायचं की नंतर, ते तू ठरव. मी आधी दाखवला असता.

प्रश्न : मी नर्सिंग पूर्ण केलंय, कोल्हापूरला हॉस्पिटलमध्ये लागलेय. पहिल्या पगारातून मनगटावर काठी, तिला दोन साप आणि वर पंख असा टॅटू करायचाय, मेडिकलचं ग्रीक चिन्ह म्हणून. चालेल ना?

उत्तर : थांब थांब, अपॉइंटमेंट घेतली असशील तर पुढे ढकल. दोन साप आणि पंख ही काठी हर्मीसची. तो देवांचा निरोप्या, व्यापाऱ्यांचा देव, चोरांचाही, आणि मेलेल्यांचे आत्मे पाताळात पोचवायचं कामही त्याच्याकडेच. वॉर्डात पेशंटचा हात धरणाऱ्या बाईच्या मनगटावर हा? वैद्यकीचा देव अस्क्लेपियस, त्याची साधी काठी, एकच साप, पंख नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात बघ, एकच आहे. घोळ वाढला तो अमेरिकेत, १९०२ मध्ये तिथल्या लष्कराच्या वैद्यकीय विभागानं हर्मीसची काठी गणवेशावर घेतली आणि ती सगळीकडे पसरली.

आणि मनगट नको गं. तुझं दिवसभर हात धुणं, सॅनिटायझर, ग्लोव्हज, नवा टॅटू भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, तो तिथे कसा टिकणार? शिवाय ती उघडी जखमच असते आणि तू हॉस्पिटलात वावरणार. दंडावर घे.

प्रश्न : मी पुण्यात पुरातत्त्व शिकते. अथेन्सच्या जुन्या नाण्यावरचं अथीना देवीचं घुबड मला काढायचंय. आईनं नुसतं ऐकून घर डोक्यावर घेतलंय, घुबड अंगावर म्हणजे अपशकुन वगैरे. तिला कसं पटवू?

उत्तर : आईला सांग ते मोठं घुबड नव्हे, छोटा पिंगळा आहे. आणि हे खोटं नाही हं! अथीनाचा तो छोटा, वटारलेल्या डोळ्यांचा पक्षी आणि आपल्या वडा-चिंचेच्या ढोलीत राहून संध्याकाळी कचकच करणारा पिंगळा, दोघं एकाच कुळातले, आणि शास्त्रज्ञांनी त्या कुळाला नावच दिलंय 'अथीनी'. आपल्याकडचा रानपिंगळासुद्धा हल्ली त्याच कुळात धरतात, तोच, जो संपला असं समजत होते आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला. शिवाय पहाटे दारात येऊन 'पिंगळा महाद्वारी' म्हणत शुभ सांगून जाणारा पिंगळा जोशी आईनं नाही तर आजीनं नक्की पाहिला असेल. त्याला पक्ष्याची भाषा कळते असं मानत. मग अपशकुन कसला? आणि लक्ष्मीचं वाहन कोण, हेही सहज विचारून बघ, पण ते शेवटी, आधी विचारलंस तर उलट उत्तर देतेस म्हणेल.

आता डिझाइन. ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावरही तेच घुबड आहे, पण तू जुन्या चांदीच्या नाण्यावरून घे, ते जास्त गोंडस आहे. मागे ऑलिव्हची डहाळी, छोटी चंद्रकोर, पुढे तीन अक्षरं, अल्फा, थीटा, एप्सिलॉन. अक्षरांवर लक्ष ठेव. बऱ्याच नाण्यांवर थीटा म्हणजे गोलात एक टिंब असतं, आर्टिस्टला तो ओरखडा वाटला तर टिंब उडेल आणि थीटाचा ओमिक्रॉन होईल, म्हणजे 'थ'चा 'ओ'. स्टेन्सिल लावल्यावर आरशात नाही, मोबाइलवर फोटो काढून वाच, आरशात सगळं उलटं दिसतं.

एक गोष्ट मात्र आईला सांगू नकोस. टॅटू ग्रीक लोकांना मुळात मानाचा वाटायचाच नाही, तो गुलामांवर आणि कैद्यांवर काढायचा. शेजारचे थ्रेशियन लोक गोंदण खानदानी समजायचे, असं हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय. आणि प्लूटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो की अथेन्सचं सामोस बेटाशी युद्ध झालं, इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमारास, तेव्हा सामोसवाल्यांनी पकडलेल्या अथेन्सच्या सैनिकांच्या कपाळावर हेच घुबड उमटवलं होतं, सूड म्हणून.

तेव्हा दंडावर काढ, पोटरीवर काढ, खांद्यावर काढ. कपाळ तेवढं सोड.