लकवा आणि ‘मेंदू वाचवणारी’ इंजेक्शनं

प्रश्न (गेवराई, जि. बीड): वडील पहाटे उठले तर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं. भावकीतल्यांनी कबुतराचं रक्त चोळलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तर मेंदूतली गुठळी विरघळवायची वेळ गेली म्हणाले. किती वेळ असतो?

उत्तर: गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तास. तेही माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. वडील रात्री दहाला नीट झोपले असतील तर सहसा दहापासूनच मोजतात. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर तार घालून गुठळी काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. त्यामुळे ‘उशीर झाला’ हे घरी बसून ठरवू नका, स्कॅनला ठरवू द्या. कबुतराने काही होत नाही. त्याचा जीव जातो आणि तुमचे तास.

प्रश्न (औसा, जि. लातूर): आईला सिटिकोलिनची इंजेक्शनं दिली. सोयाबीन विकून बिल भरलं. त्याने मेंदूच्या पेशी वाचतात का?

उत्तर: वाचतात असा भक्कम पुरावा नाही. २०१२ साली युरोपातल्या सुमारे २,३०० रुग्णांवरच्या चाचणीत सिटिकोलिन आणि नुसतं दिखाऊ औषध यांत फरक दिसला नाही. हे एकटंच औषध नव्हे. २००६ च्या एका आढाव्यात लकव्यासाठी प्रयोग झालेले १,०२६ उपचार मोजले होते. उंदरांत गुण दिसलेली कित्येक औषधं माणसांत फसली. प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी असतो आणि औषध बहुधा लगेच मिळतं. आपला रुग्ण सत्तरीचा, मधुमेही, त्यात तीन तास उशिरा आलेला.

गुठळीने रक्त अडलं की मधला भाग मिनिटांत मरतो. भोवतालच्या पेशी गप्प होतात, पण काही तास तग धरतात. वाचवायच्या त्या. मात्र औषध जाणार रक्तातूनच, आणि वाट तर बंद! पाटाचं पाणी तोडून कापसावर टॉनिक फवारण्यासारखं आहे ते. वाट मोकळी करणं हेच आजचं खरं संरक्षण. सोबत ताप उतरवणं आणि साखर आटोक्यात ठेवणं. या गोष्टी स्वस्त आहेत, म्हणून बिलात उठून दिसत नाहीत. प्रत्येक इंजेक्शन कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): लकवा आला की बीपी वाढलेला असतो. जिभेखाली बीपीची गोळी द्यावी का?

उत्तर: नको. दाब एकदम पडला तर तग धरलेल्या पेशींचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. ॲस्पिरिनही स्कॅनआधी नको, आत रक्तस्राव असू शकतो. पाणीसुद्धा पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या.

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी): रुग्णाला चालवायला कधी सुरुवात करावी?

उत्तर: पहिल्या २४ तासांत ओढूनताणून नको. त्यानंतर फिजिओथेरपिस्ट सांगेल तसं, थोडं थोडं, पण रोज.