क्रोशाचे उरलेले दोरे पक्ष्यांना घरट्यासाठी बाहेर ठेवावेत का?

तुम्ही विचारलंय की क्रोशाची उरलेली लोकर टोपलीत घालून अंगणात टांगली तर पक्षी घरट्यासाठी नेतील का, आणि उन्हाळ्यात विणायला काय घ्यावं. नेतील हो, आवडीने नेतील. म्हणूनच टांगू नका.

आमचं घर नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, जुनं, मागे थोडं अंगण अजून शिल्लक आहे. शेवगा, कढीपत्ता, जास्वंद आणि कंपाऊंडवर पसरलेली मधुमालती. फाल्गुन लागला की दुपारचं आवरून मी मागच्या दारात खुर्ची टाकून विणायला बसते, सासूबाई होत्या तेव्हापासूनची सवय, मुका खांब आणि खांब या क्रोशाच्या टाक्यांतला फरक त्यांनीच मला याच दारात बसून शिकवला. शेजारच्या उंबरावर तांबट टुकटुक करत असतो, साखळ्या मोजताना मध्येच त्याचा ठेका येतो आणि परत पहिल्यापासून मोजावं लागतं. पक्षी बघायला दरवेळी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातच जायला हवं असं नाही, तिथले थंडीतले पाहुणे मार्चपर्यंत बहुतेक परतलेलेच असतात, खरी धांदल तेव्हा आपल्या मागच्या दारी सुरू होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वन्सं पुण्याहून राहायला आल्या होत्या. २० मार्चला चिमणी दिवस असतो, आपल्या नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून सुरू झालेला, त्या निमित्ताने व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं, त्यातला एक व्हिडिओ वन्संनी बघितला. रंगीत लोकरीची टोपली, पक्षी येतायत, दोरा ओढून नेतायत. त्यांनी माझ्या पिशवीतली उरलेली लोकर घेतली, कांद्याची तारेची टोपली घेतली आणि शेवग्याला टांगून मोकळ्या झाल्या. मी तेव्हा नको म्हटलं नाही हे इथे सांगते, कारण मलाही ते छान वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी बुलबुलची जोडी आली. मी भाचीच्या बाळासाठी टोपी-मोजे केले होते त्यातली फिरोजी लोकर, हातभर लांब तुकडा, चोचीत धरून ती मधुमालतीत शिरली. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला.

घरटं माझ्या खांद्याच्या उंचीवर होतं. तीन अंडी, दोन पिल्लं निघाली. बुलबुलची पिल्लं साधारण दोन आठवड्यांच्या आत घरटं सोडतात, तसं एक गेलं. दुसरं घरट्याच्या काठावर येऊन फडफडायचं आणि मागे ओढल्यासारखं परत आत पडायचं. मला वाटलं अशक्त असेल. संध्याकाळी बघितलं तर ते घरट्याबाहेर उलटं लोंबत होतं.

ह्यांनी टॉर्च धरला, मी भरतकामाची बारीक कात्री घेतली. लोकर पायाला तीन वेढे बसलेली, आणि पिल्लू वाढत गेलं पण दोरा काही वाढला नाही, तो मासात रुतला होता. वेढ्याच्या वर पाय सुजलेला, खाली काळा पडून वाळल्या काडीसारखा झालेला. कात्रीचं टोक दोऱ्याखाली जाईना, पिल्लाचं अख्खं अंग माझ्या मुठीत धडधडत होतं. शेवटी सुटला दोरा. रात्रीच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून नेलं, ते म्हणाले रक्तपुरवठा बंद होऊन बरेच दिवस झालेत, पाय गेलाय. दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू गेलं. पण त्याआधी सकाळभर मादी हिरवी अळी चोचीत धरून खिडकीच्या ग्रिलवर येत होती. पिल्लाला ठेवलेला खोका घरात होता ना. येऊन बसायची, ओरडायची, अळी तशीच चोचीत घेऊन उडून जायची. मी नंतर खोका बाहेर नेऊन ठेवला, तेव्हा तिने भरवलं एकदा.

वन्संचं म्हणणं पहिल्यापासून एकच, "अगं सगळी पिल्लं थोडीच जगतात, मांजराने नेलं असतं, आणि शिंपी पक्षी नाही का दोऱ्यानेच शिवतो, निसर्गातच आहे ते." तीन वर्षं मी हे ऐकतेय, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. तर आज उत्तर देतेच. शिंपी पानांच्या कडांना भोकं पाडतो आणि त्यातून कोळ्याचं जाळं नाहीतर कापसाचा तंतू ओवतो, बाहेरच्या बाजूला तंतू फुलून येतो आणि त्यानेच टाका धरून राहतो, तिथे आपल्यासारखी गाठ नसते. जाळं काय, सावरीचा कापूस काय, पिल्लाने पाय झाडला तर तुटतं. ॲक्रिलिकची लोकर तुटत नाही, कुजत नाही, उलट पायाभोवती पिळली जाते आणि फास बसतो. मर्सराइज्ड, म्हणजे चमक आणि मजबुतीसाठी प्रक्रिया केलेला सुती दोरा तर आणखी वाईट, वीस नंबरचा दोरा आपल्याच हाताने तोडून बघा, बोट कापेल. मांजराने नेणं वेगळं आणि आपण टोपलीत घालून हातात देणं वेगळं. संक्रांतीला नायलॉन मांजाने पक्षी कापले गेले की आपण सगळे हळहळतो, हरित लवादाने २०१७ मध्ये त्याच्यावर देशभर बंदी घातली, आणि मार्चमध्ये आपणच हातभर न तुटणारा दोरा झाडाला टांगायचा?

आणि हो, वन्संचं दुसरं वाक्य, "लोकर तुझीच होती." होती. तुकडे हातभर लांब ठेवले ते मीच, पुढे कधी उपयोगी पडतील म्हणून. पण म्हणून विणकामच वाईट हे मला मान्य नाही. विणणारी बाई काम संपवताना शेवटचं टोक सुईत ओवून टाक्यांच्या आत लपवते, मोकळं टोक ठेवत नाही, सासूबाई तर मोकळं टोक दिसलं की अख्खी ओळ उसवायला लावायच्या. दोष लोकरीत नाही, ती मोकळी सोडण्यात आहे.

घरट्यासाठी काही द्यायचंच असेल तर जळमटं द्या. खरंच सांगते. पाडव्याच्या साफसफाईत आपण झाडू घेऊन घरामागची जळमटं पुसून काढतो आणि शिंजिराच्या, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या त्या इवल्या पक्ष्याच्या मादीला नेमकी तीच हवी असतात, तिचं ते लोंबतं घरटं सगळं जाळ्यानेच बांधलेलं असतं. मी मागच्या भिंतीचा एक कोपरा पावसाळ्यापर्यंत झाडत नाही, कोण काय म्हणेल ते म्हणो. सुकं गवत, बारीक काड्या पडू द्या, चिमण्यांना पुरतं. मातीच्या परळात पाणी ठेवा, उथळ, आणि रोज बदला. मधुमालती, जास्वंद छाटायची असेल तर आत्ता नाही, पावसाळा सरल्यावर. पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि त्याला नीट पिसं आली नसतील तर उचलून घरट्यात ठेवा, माणसाचा हात लागला की आईबाप सोडून देतात हे खरं नाही, माझ्या बुलबुलने तर खोक्यात येऊन भरवलं.

आता कोणी म्हणेल आमच्याकडे साळुंक्या कुठल्या कुठल्या चिंध्या दोरे नेतात आणि काही होत नाही. नेतात, मीही बघितलंय, आणि पेराएवढा तुकडा असेल तर वेढा बसायला लांबी पुरत नाही हेही बरोबर. पण टोपलीत एकच लांब तुकडा राहिला तरी पुरे होतं. त्यापेक्षा तुकडे बरणीत साठवा. मी क्रोशाच्या छोट्या चिमण्या विणते, त्यांच्या पोटात तेच भरते, बाजारचा कापूस आणावा लागत नाही. टोपलीत आता परत कांदे आहेत. वन्सं मेमध्ये येणार आहेत, हे उत्तर त्यांना पाठवणार आहे.

उन्हाळ्यात विणायचं विचारलंत ते राहिलंच. लोकर हाताला घामाने चिकटते, सुती दोराच घ्या, वीस नंबर, सुई १ किंवा १.२५ मिमीची. चैत्रगौरीच्या ताटावर घालायला थालपोस करा, पंधरा दिवसांत होतो. नवीन असाल तर काळ्या किंवा गडद रंगावर शिकू नका, टाके दिसत नाहीत.